शाळेला पॅनल घ्यायचे का? आधी ते चालवण्याचा खर्च मांडा

एका ग्रामपंचायत सदस्यांचा प्रश्न आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक आणि चाळीसच्या आसपास मुले आहेत. वित्त आयोगाच्या निधीतून शाळेला मोठे टचस्क्रीन पॅनल घ्यावे असा काही सदस्यांचा आग्रह आहे. बाकीचे म्हणतात, सरकारने आजवर संगणक, प्रोजेक्टर आणि टॅबवर केलेला खर्च पाण्यात गेला आणि शिक्षक तर ऑनलाइन कामाच्या नावाने नुसती ओरड करतात. यात खरे काय, आणि पॅनल घ्यावे की नाही?

मी जिल्हा परिषदेत शिक्षक म्हणून लागलो, पुढे मुख्याध्यापक झालो आणि शेवटची वर्षे केंद्रप्रमुख म्हणून काढली. दहा-बारा शाळांच्या गटाला केंद्र म्हणतात आणि त्यावर देखरेख ठेवतो तो केंद्रप्रमुख. त्याला दोन्ही बाजू दिसतात. वरून आलेले परिपत्रक त्याच्याच हातून शाळेत जाते आणि शाळेत बंद पडलेली वस्तूही तोच पाहतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

शाळांवर तंत्रज्ञानाचा खर्च करू नये असे माझे मत नाही. माझी तक्रार एकच आहे, आणि ती सगळ्या योजनांना लागू पडते. वस्तूची किंमत अंदाजपत्रकात येते, पण ती चालवायला काय लागते ते कोणी मांडत नाही. चालवायला वीजबिल लागते, दुरुस्ती लागते आणि शिक्षकाचे तास लागतात. तिसऱ्या गोष्टीला तर कोणी खर्च मानतच नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महाग आहे.

जुना अनुभव सांगतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्याच्या पेट्या द्यायच्या होत्या. दुसरा शिक्षक मिळाला तिथे शाळेचे रूप पालटले. पेट्या मात्र बऱ्याच ठिकाणी कपाटातच राहिल्या, कारण साहित्य मोडले तर जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, उत्तर मुख्याध्यापकाला द्यावे लागे. वापरताना मोडतोड होणारच हे गृहीत धरले असते तर त्या पेट्या मुलांच्या हातात गेल्या असत्या.

मग २००४ च्या अखेरीस केंद्र सरकारची आयसीटी, म्हणजे शाळांत संगणक शिक्षणाची, योजना आली आणि हायस्कुलांत संगणक कक्ष झाले. आपल्याकडे ते ‘बूट’ तत्त्वावर झाले: कंपनीने संगणक बसवायचे, शिकवायला माणूस, म्हणजे निदेशक, द्यायचा, पाच वर्षे सगळे सांभाळायचे आणि मग सामान शाळेच्या ताब्यात द्यायचे. ती पाच वर्षे अनेक शाळांत मुले खरोखर संगणकाला हात लावत होती. कालावधी संपला तसा निदेशक गेला. तुटपुंज्या मानधनावर काम केलेले हे तरुण पुढे आझाद मैदानावर आंदोलनाला बसले. शाळेकडे राहिले जुने झालेले संगणक, बॅटरी संपलेला यूपीएस आणि कुलूप लावलेली खोली. सहाव्या वर्षाचा विचार कागदावर कुठेच नव्हता. ‘खर्च पाण्यात गेला’ असे लोक म्हणतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ही खोली येते, पण पहिली पाच वर्षे पाण्यात गेली नव्हती, हेही खरे आहे.

आपल्या राज्यातलेच आणखी एक उदाहरण आहे. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाला केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला होता. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाडा या एकशिक्षकी शाळेत त्या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग झाला. मुले त्यावर फार लवकर रुळली. मुले यंत्राला घाबरत नाहीत, हे सगळीकडेच दिसते. पण यंत्र चालवता येणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. पेरू देशाने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. आंतर-अमेरिकन विकास बँकेने २०१२ मध्ये तिथल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास मांडला, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. सरकारी खर्चाचा विचार करताना ही गोष्ट प्रत्येक जिल्हा परिषद सदस्याला माहीत असायला हवी.

आता तुमच्या चाळीस पटाच्या, म्हणजे चाळीस मुलांच्या, शाळेचा हिशेब बघू. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळते. केंद्र सरकारचा निकष ३० पटापर्यंत १० हजार आणि ३१ ते १०० पटाला २५ हजार रुपये असा आहे. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. उरलेल्यात खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती, पाण्याची मोटर, वीजबिल आणि आता मोबाइलचा डेटाही. हा पैसा जूनमध्ये हातात पडत नाही. तो हप्त्याने येतो, आणि अनेकदा वर्ष संपत आले की येतो. हल्ली प्रत्यक्ष रक्कम खात्यावर जमाही होत नाही, पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन देयक प्रणालीवर खर्चाची मर्यादा दिसते. ३१ मार्चपर्यंत ती वापरली नाही तर परत जाते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापक लॅपटॉपवर सर्व्हर चालू होण्याची वाट पाहत बसलेला दिसतो. अशा वेळी गरजेपेक्षा, ज्याचे बिल लगेच मिळेल ती वस्तू घेतली जाते.

विजेचे तर विचारूच नका. कित्येक वर्षे शाळेला व्यापारी दराने बिल येत होते, म्हणजे चौथीच्या वर्गातला दिवा आणि बाजारातल्या दुकानातला दिवा एकाच भावाने. पुढे वीज नियामक आयोगाने सार्वजनिक सेवांचा वेगळा गट केला, पण घरगुती दर काही मिळाला नाही. माझ्या केंद्रातल्या एका वस्तीशाळेत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला होता. गावाने बँडबाजा लावून उद्घाटन केले. पुढच्या पावसाळ्यात भेट दिली तेव्हा प्रोजेक्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर ठेवलेला होता, कारण थकबाकीपोटी मीटर काढून नेले होते. थकबाकीची रक्कम प्रोजेक्टरच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नव्हती. प्रोजेक्टरला देणगीदार मिळतो, त्याच्यावर नाव रंगवता येते. वीजबिलावर कोणाचे नाव रंगवता येत नाही, म्हणून ते भरायला कोणी पुढे येत नाही.

शिक्षकांच्या ऑनलाइन कामाबद्दल तुम्ही विचारले आहे. ही ओरड खोटी नाही, पण शिक्षक सांगतात तेवढीच बाजूही खरी नाही. दोन्ही सांगतो.

शाळांची माहिती संगणकावर का न्यावी लागली हे विसरून चालणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेडमध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी अशी तपासणी करून फुगवलेले पट उघडे पाडले होते. राज्यव्यापी मोहिमेत एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली. निम्म्याहून कमी मुले हजर अशा शाळा शेकड्यांनी निघाल्या. त्या खोट्या पटावर शिक्षकांची पदे, तांदूळ, पुस्तके, गणवेश आणि शिष्यवृत्त्या असे सगळे उचलले जात होते. २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली, प्रत्येक विद्यार्थ्याची नावानिशी नोंद सुरू झाली, त्याचे मी मनापासून स्वागत केले होते आणि आजही करतो.

बदल्यांचेही तसेच. पूर्वी मे महिना आला की जिल्हा परिषदेच्या आवारात शिक्षकांची रीघ लागे. कोणी पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन, कोणी सदस्याला फोन लावत. २०१७ पासून बदल्या पसंतीक्रम भरून संगणकावर होऊ लागल्या. निकषांवर वाद झाले, प्रकरणे कोर्टातही गेली. पण दुर्गम भागात वर्षानुवर्षे अडकलेली, कोणाची ओळख नसलेली बाई सुगम शाळेत आली, ती या यंत्रणेमुळेच. इथे तंत्रज्ञानाने मधला माणूस काढला आणि शिक्षकाचा वेळ, पैसा आणि मान तिन्ही वाचवले.

म्हणजे पोर्टल आले की गैरव्यवहार संपतो, असेही नाही. शिक्षकांचे पगार ‘शालार्थ’ प्रणालीतून होतात. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण बाहेर आले. नियमबाह्य नियुक्त्यांना आयडी देऊन पगार काढल्याचे आरोप झाले, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. लॉगिन आणि मंजुरीचा अधिकार ज्यांच्या हाती, त्यांच्यावर कोणाची नजर आहे, हा प्रश्न संगणकाने सुटत नाही.

आता ओरडीतला खरा भाग. द्विशिक्षकी शाळेतल्या मुख्याध्यापकाकडे दोन-तीन वर्ग शिकवायला असतातच, त्याला त्यातून सूट नसते. लिपिक नाही, शिपाई नाही. सकाळी हजेरीपत्रक भरायचे. मग शालेय पोषण आहारात किती मुले जेवली ते अॅपवर टाकायचे. १ डिसेंबर २०२३ पासून शाळांची माहिती एकत्र करणाऱ्या विद्या समीक्षा केंद्रासाठी चॅटबॉटवर हजेरी भरण्याचे आदेश आले. एकाच मुलाची हजेरी तीन ठिकाणी, आणि कागदी हजेरीपत्रक बंद झालेले नाही. विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’मध्ये आहेच. २०२२-२३ पासून केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ या शाळा-माहितीच्या पोर्टलमध्येही मुलागणिक नोंद करावी लागते, आणि आता अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक. शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अत्यंत तातडीचे, आज दुपारी दोनपर्यंत’ म्हणून गुगल शीटची लिंक येते. त्यात विचारलेली माहिती यातल्या कुठल्यातरी पोर्टलवर आधीच भरलेली असते. ती तिथून काढून घेण्याऐवजी शाळेला पुन्हा विचारणे वरच्या कार्यालयाला सोपे पडते, कारण शिक्षकाच्या तासाचे बिल त्या कार्यालयाला येत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकाला लावू नये. कायदा २००९ चा. पोर्टल भरणे हे शैक्षणिक काम की अशैक्षणिक, याचा त्यात विचार नाही. त्या फटीतून हा सगळा भार शाळेत शिरला आहे. याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. रोज एक तास स्क्रीनवर गेला तर त्या ८०० तासांतले २०० तास गेले. हा आकडा कोणत्याही पोर्टलच्या खर्चात धरलेला मी पाहिला नाही.

एक प्रकार जवळून सांगतो, म्हणजे हे तास कुठे जातात ते कळेल. चौथीतली मुलगी. शाळेच्या जनरल रजिस्टरला तिची जन्मतारीख जन्मदाखल्यावरून लिहिलेली, बरोबर. आधार कार्ड काढताना घरच्यांना फक्त साल आठवत होते, म्हणून आधारवर तारीख १ जानेवारी. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पोर्टलवर टाकले की ‘मिसमॅच’. मुलगी रोज समोर बसते, कविता म्हणते, पाढे म्हणते, पण संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, आधार पडताळलेले विद्यार्थीच धरण्याचे धोरण आले. पटाच्या काठावर असलेल्या शाळेत अशा दोन-तीन मुलांवरून एक पद जाऊ शकते. मग शिक्षक आईबापाच्या मागे लागतो. आईबाप ऊसतोडीला गेलेले, मुलगी आजीकडे. आधार केंद्र तालुक्याला, तिथे रांग. आजी एक दिवसाची मजुरी बुडवून जाते, तर केंद्रावर सांगतात जन्मदाखला मूळ हवा. दाखला ग्रामसेवकाकडून. ही मुलगी पुढे गाव बदलून गेली तर जुन्या शाळेने तिचे नाव पोर्टलवरच्या ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकायचे आणि नव्या शाळेने तिथून घ्यायचे. जुन्या शाळेच्या गुरुजींनी फोन उचलला नाही तर मुलगी वर्गात असते आणि पोर्टलवर कुठेच नसते.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट केले आहे की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून मुलाला लाभ नाकारता येणार नाही. प्रवेश कोणी नाकारत नाही, हे मान्य. पण मुलांच्या आधारवर शिक्षकाचे पद अवलंबून ठेवले की ओझे फिरून त्याच मुलीच्या आजीवर येते. खोटा पट रोखायला २०११ मध्ये माणसे शाळेत गेली होती, त्यांनी मुले मोजली. आजही केंद्रप्रमुखाने शाळेत जाऊन मुले मोजून सही केली तर ते चालले पाहिजे. पण केंद्रप्रमुखांची पदेच वर्षानुवर्षे रिक्त ठेवली गेली, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार. माणूस ठेवायचा नाही आणि त्याचे काम पोर्टलने करावे ही अपेक्षा, हे मला धोरण म्हणून चुकीचे वाटते.

करता काय येईल? राज्यात पावणेपाच हजारांच्या आसपास केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्राला एक माहिती सहायक, महिना १५ हजार मानधन, असे धरले तर वर्षाला साधारण ८५ कोटी होतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे. रक्कम लहान नाही, पण शालेय शिक्षणाच्या हजारो कोटींच्या अंदाजपत्रकात ती बसते, आणि त्या बदल्यात प्रत्येक केंद्रातल्या दहा-बारा शाळांच्या शिक्षकांचे तास वर्गात परत येतात. दुसरे, नवे अॅप आणणाऱ्या परिपत्रकातच कोणती जुनी नोंदवही किंवा कोणता जुना नमुना आजपासून बंद, हे लिहिणे बंधनकारक करावे. बंद करण्यासारखे काही नसेल तर अॅप आणू नये.

तिसरी गोष्ट खरेदीची. २०२४-२५ मध्ये गणवेशाचे कापड राज्यस्तरावर घेऊन बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरले. तोवर शाळा व्यवस्थापन समितीला मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये मिळत आणि गावातला शिंपी माप घेऊन शिवत असे. राज्याच्या खरेदीत कुठे उशीर झाला, कुठे मापे चुकली, मुले महिनोन्‌महिने गणवेशाविना राहिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवून अधिकार पुन्हा समितीला दिले. सरकारने निर्णय मागे घेतला हे चांगले केले. संगणक आणि पॅनलच्या बाबतीतही समितीला तोच अधिकार मिळायला हवा. साधा गणवेश मापाचा मिळत नसेल तर दुसरी-चौथी एकत्र बसणाऱ्या वर्गाला कोणते यंत्र लागेल, हे मुंबईत बसून कसे ठरणार?

जिथे हे यशस्वी झाले तिथे सुरुवात शिक्षकाने केली होती. शहापूर तालुक्यातली पष्टेपाडा ही जिल्हा परिषदेची पहिली डिजिटल शाळा म्हणून ओळखली जाते. तिथे संदीप गुंड सरांनी गावाला सोबत घेऊन काम उभे केले. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, पुढे ती कल्पना राज्याच्या पुस्तकांत आली. दोघांनाही वर्गात काय अडते ते आधी माहीत होते, साधन त्यानंतर आले.

आता तुमचे पॅनल. मोठे टचस्क्रीन पॅनल लाख-दोन लाखांच्या घरात जाते. चाळीस मुले, दोन शिक्षक आणि पाच वर्ग असताना शिक्षकाला मुख्य अडचण असते ती एका गटाला शिकवताना दुसऱ्या गटाला कामात गुंतवण्याची. त्यासाठी पेन ड्राइव्हवर चालणारा साधा टीव्ही, धड वायरिंग व अर्थिंग आणि वीज गेली तरी दोन तास चालेल असा इन्व्हर्टर यांवर बरेच कमी पैसे लागतील. राहिलेल्या पैशात गोष्टींची चांगली पुस्तके घ्या, मुलांच्या हाताला लागतील अशी उघड्या मांडणीवर ठेवा. शिक्षक स्वतःहून पॅनलच मागत असतील आणि त्यावर काय शिकवणार हे दाखवून सांगत असतील, तर पॅनल जरूर घ्या.

काहीही घेतलेत तरी ठरावात चार गोष्टी लिहून घ्या. शाळेचे वीजबिल ग्रामपंचायत तिच्या उत्पन्नातून दरमहा भरेल. तीन वर्षांचा दुरुस्ती करार खरेदीच्या किमतीतच असेल आणि दुरुस्तीला येणाऱ्याचा तालुक्यातला पत्ता करारात असेल. वापरताना वस्तू बिघडली तर शिक्षकावर वसुली लागणार नाही. आणि वस्तू कोणती, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत शिक्षकांसमोर ठरेल, पुरवठादाराने आणलेल्या माहितीपत्रकावरून नाही. खरेदी मार्चअखेरीस करू नका. तेव्हा घेतलेली वस्तू परीक्षा आणि उन्हाळी सुट्टीत खोक्यातच राहते आणि वॉरंटीचे अडीच महिने फुकट जातात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर घ्या, आणि शिक्षकाने आठवडाभर वर्गात चालवून पाहिल्याशिवाय शेवटचे बिल काढू नका.